तान्हेपणाची बॅग: काय ठेवावं, कसं ठेवावं

पत्र: रामबागेतलं जुनं घर सोडून मे महिन्यात आम्ही फ्लॅटमध्ये जातोय. माळ्यावरून मुलाच्या तान्हेपणाची बॅग निघाली. झबली, जरीची कुंची, चांदीचे वाळे, बोरन्हाणाचे हलव्याचे दागिने, चिकट पानांचा अल्बम, सोनोग्राफीचा पुसट कागद, दोन मिनी-डीव्ही कॅसेट. मुलगा २४ वर्षांचा, बेंगळुरूला असतो. फोनवर म्हणाला, "बाबा, फेकून द्या ते." बायको म्हणते, किती दिवस कवटाळून बसणार? तो टेम्पोला 'पम्पो' म्हणायचा, हे आठवलं तरी माझे डोळे भरून येतात. माझं काही चुकतंय का? आणि या सगळ्याचं करू काय?
– एक वडील, इंदूर

दादा, तुमचं काहीही चुकत नाही. मुलाच्या बोलण्याचंही वाईट वाटून घेऊ नका. माणसाला साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं जवळपास काहीच आठवत नाही. ती कुंची त्याने घातली, पण त्याच्या लेखी ती कोणाचीही असू शकते. त्या वर्षांचे साक्षीदार तुम्ही दोघंच आहात, म्हणून पॅकिंगच्या आधी लिहायला बसा.

एक साधी वही घ्या. 'फार गोड होता' असं लिहू नका, त्यातून पुढे काहीच हाती लागत नाही. 'पम्पो' लिहा. कुठल्या टेम्पोला, कोणाच्या कडेवरून, बोट कुठे दाखवत म्हणायचा, ते लिहा. आपल्या इंदूरच्या घरांतली मुलं आजीशी मराठी आणि गल्लीत हिंदी बोलत वाढतात. "मला गोदीत घे", "आजी, पानी दे ना" अशी वाक्यं असतील तर तशीच्या तशी उतरवा. शुद्ध केलीत की त्यातला तुमचा मुलगा निघून जाईल. झोपवताना कोण काय म्हणायचं, कुठली भाजी थुंकायचा, पहिला ताप कधी आला, हेही येऊ दे.

वहिनींना वेगळी वही द्या आणि एकमेकांचं आधी वाचू नका. दोघांच्या आठवणी जुळणार नाहीत. तेव्हा कोण बरोबर, हा वाद घालू नका, दोन्ही ठेवा. त्यांच्या वहीत जागरणं, दुखणारी कंबर आणि घाबरवणाऱ्या रात्री जास्त निघाल्या तर नवल नाही. 'कवटाळून बसणार' हे शब्द कदाचित त्या थकव्यातूनच आले असतील. शांतपणे विचारून बघा.

आता वस्तू. सगळ्यात घाई सोनोग्राफीच्या कागदाची आहे. तो थर्मल कागद असतो, उजेडाने आणि उष्णतेने पुसट होत जातो. आजच मोबाइलवर स्वच्छ फोटो काढा, मग स्कॅन करा. लॅमिनेशन मात्र अजिबात नको, त्याच्या उष्णतेने अख्खा कागद काळा पडतो.

अल्बमच्या प्रत्येक पानाचा आधी आहे तसा फोटो काढून ठेवा. फोटो ओढून काढू नका, कोपरा फाटतो किंवा वरचा रंगीत थर सुटतो. दात साफ करायचा फ्लॉस कोपऱ्यातून मागे सरकवा आणि करवतीसारखा हळूहळू पुढे न्या. अडला तर पानाच्या मागच्या बाजूने हेअर ड्रायरची मंद हवा काही सेकंद द्या. तरीही निघत नसेल तर हट्ट सोडा आणि पानासकट स्कॅन करा. ४ बाय ६ इंचांच्या फोटोला स्कॅनरवर ६०० डीपीआय (इंचामागे ६०० ठिपके) पुरे. निगेटिव्ह सापडल्या तर त्या फोटोंपेक्षा मोलाच्या, जपून ठेवा. रंगीत फोटोच्या पाठीवर प्लॅस्टिकचा थर असतो, तिथे पेन्सिल उमटत नाही आणि बॉलपेनचा दाब पुढून दिसतो. म्हणून नाव-तारीख पाकिटावर लिहा, तीही फोटो आत घालण्याआधी.

मिनी-डीव्ही म्हणजे व्हिडिओ कॅमेऱ्याची छोटी कॅसेट. तिच्या खिडकीतून टेपच्या कडा बघा. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट कॅमेऱ्यात घालू नका, टेप वाचणारं हेड खराब होतं आणि बुरशी दुसऱ्या कॅसेटला लागते. स्टुडिओवाल्याला आधीच सांगा. त्याच्याकडून मूळ डीव्ही फाइल मागा, तासाला साधारण १३ जीबी होते. नुसत्या डीव्हीडीवर समाधान मानू नका. एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी मुलाकडे.

कपड्यांना तुम्ही नाकाशी धरत असाल, पण इतक्या वर्षांनी येतो तो डांबरगोळीचा वास, बाळाचा नाही. तेव्हा बिनधास्त धुवा. दुधाचे जुने डाग राहिले की तिथेच पिवळं पडतं आणि कीड लागते. सौम्य साबणाच्या गार पाण्यात काही तास भिजवा. ब्रश नको, ब्लीच नको, पिळायचंही नाही, जुनी मलमल लगेच फाटते. स्टार्च तर मुळीच नको, कसर ही कीड त्यावरच येते. सावलीत खडखडीत वाळवून धुतलेल्या मलमलीत गुंडाळा. प्लॅस्टिकची पिशवी आणि वर्तमानपत्र दोन्ही टाळा. जरीची कुंची धुवू नका, फक्त वारा द्या. वर्षातून एकदा सगळं उलगडून घडी दुसऱ्या ठिकाणी घाला, नाहीतर कापड घडीवरच विरतं. वाळे हवाबंद डबीत ठेवा, रबरबँड न लावता. रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

हलव्याचे दागिने मात्र आता जाऊ द्या. साखरच ती, पावसाळ्यात पाझरते आणि मुंग्या बाकीच्या कपड्यांतही शिरतात. फोटो काढून ठेवा.

बाकीचं निवडताना एकच कसोटी लावा: ही वस्तू हातात घेतल्यावर एखादा ठरावीक प्रसंग सांगता येतो का? येत असेल तर ठेवा आणि दोन ओळींची चिठ्ठी जोडा. चिठ्ठी नसेल तर उद्या नातवंडांच्या हाती नुसतं फडकं येईल. पंधरा-वीस वस्तू पुष्कळ झाल्या. चांगली उरलेली दुपटी-झबली गरजू घरात द्या, कोणाच्या तरी बाळाच्या अंगाला लागतील.

मुलाला सगळी बॅग एकदम दाखवू नका. आठवड्याला एक आठवण, मिनिटभराचा व्हॉइस मेसेज, उत्तराची अपेक्षा न ठेवता. आंघोळीचे उघडे फोटो नात्यातल्या ग्रुपवर टाकण्याआधी त्याला विचारा आणि तो नको म्हणाला तर टाकू नका.

डोळे भरून येतात त्याची लाज वाटू देऊ नका. पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप-भूक उडाली, कशातच मन लागेना, तर डॉक्टरांना दाखवाच.

हे काम मे महिन्यातच उरका, हवा कोरडी असते. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस आला की जपलेल्या वस्तूंची पेटी बंद हवी. सामान हलवताना ती ट्रकमध्ये चढवू नका, स्वतःबरोबर न्या. नव्या घरात माळ्यावर नको, तिथे उन्हाळ्यात भट्टी होते. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीपाशीही नको. झोपायच्या खोलीतल्या कपाटाचा मधला कप्पा द्या.