बग दुरुस्तीचा वेळ नेमका कुठे जातो

प्रिय,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या टीममध्ये साधे बगसुद्धा (सॉफ्टवेअरमधील चुका) आठवडेच्या आठवडे का रेंगाळतात, असे तू विचारले आहेस. सहकाऱ्यांना घाई करण्यापूर्वी बंद झालेली काही तिकिटे (एकेका बगच्या नोंदी) उघड आणि प्रत्येकात कोड बदलण्यात किती वेळ गेला व नुसते थांबण्यात किती, हे तारखांसह लिहून काढ. माझ्या अनुभवात थांबण्याचाच वाटा मोठा निघतो.

इंटरनेटवरील संवाद गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधील ‘हार्टब्लीड’ ही चूक पाहा. मार्च 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 1.0.1 आवृत्तीसोबत ती चूक जगभर पसरली आणि एप्रिल 2014 मध्ये उघड झाली. दुरुस्ती मात्र समोरच्या संगणकाने सांगितलेली संदेशाची लांबी खरी आहे का, हे तपासणाऱ्या मोजक्या ओळींची होती. इतके सर्व्हर ज्यावर विसंबून होते, त्या प्रकल्पावर पूर्णवेळ काम करणारी माणसे तेव्हा अगदी थोडी होती, हे मला त्या चुकीपेक्षाही गंभीर वाटते.

सर्वांत जास्त वेळ खातो तो पुन्हा घडवून दाखवता न येणारा बग. अपाची, एक्लिप्स आणि मोझिला या सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या डेव्हलपरांना 2008 च्या एका अभ्यासात विचारले गेले, तेव्हा बग पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या आणि स्टॅक ट्रेस (चूक घडली तेव्हा कोडचे कोणते भाग कोणत्या क्रमाने चालू होते, याची यादी) ही माहिती त्यांना सर्वाधिक उपयोगाची वाटली. तक्रार करणाऱ्याला मात्र तीच देणे जड जाते. म्हणून आवृत्ती, लॉग (सॉफ्टवेअरच्या कामाच्या नोंदी) आणि शेवटची कृती सॉफ्टवेअरनेच नोंदवून ठेवावी, अशी व्यवस्था कर. ग्राहकाला चार वेळा उलट विचारण्यात जाणारे दिवस त्यामुळे वाचतात.

कमिट, म्हणजे कोडमध्ये एका वेळी नोंदवलेला बदल, लहान ठेवण्याचा आग्रहही धर. प्रत्येक कमिट बिल्ड होत असेल, म्हणजे त्यातून चालणारे सॉफ्टवेअर तयार होत असेल, तर दरवेळी उरलेल्यांतला मधला कमिट तपासायला देणारी ‘गिट बायसेक्ट’ ही आज्ञा हजार कमिटांमधून दोषी कमिट साधारण दहा चाचण्यांत शोधून देते. पण तो कमिटच दोन हजार ओळींचा असेल, तर खरा शोध तिथून पुढे सुरू होतो. लहान बदलाचा रिव्ह्यूही (सहकाऱ्याने केलेली तपासणी) लवकर होतो.

कोडचा कोणता भाग कोणाचा, हे ठरलेले नसेल, तर तिकीट एका टीमकडून दुसरीकडे फिरत राहते आणि प्रत्येक नव्या माणसाला सारे पहिल्यापासून समजून घ्यावे लागते. तुझ्याकडे बहुधा हेच होत असावे, असा माझा कयास आहे. तिकिटांच्या तारखा काढल्यास की मला पाठव; रिव्ह्यू आणि रिलीजच्या रांगांविषयी त्या पाहूनच लिहीन.

तुझा हितचिंतक