मोटरीचे दुकान रात्री आठला बंद करता येईल का?

प्रश्न : रावेर तालुक्यात मोटर रिवायंडिंगचे, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरून द्यायचे दुकान आहे. पाण्यातल्या मोटरी जास्त, उन्हाळ्यात पंखे-कूलरही. सकाळी 8 ला उघडतो, रात्री 11 वाजतात. हाताखाली एक पोरगा. आता मनगट आणि कंबर साथ देत नाहीत. रात्री 8 ला बंद केले तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल का?

उत्तर : काही जाईल. कोणते गेले तर चालेल हे आधी ठरवा, आणि त्यासाठी पंधरा दिवस वहीत तास लिहा. वाइंडिंगचा वेळ वेगळा, बाकीच्या पैशाच्या कामाचा वेगळा आणि फुकट गेलेला वेगळा. वॉरंटीत परत आलेली मोटर, फोन, "झाली का?" म्हणून येऊन बसणारे, तारेसाठी मारलेली चक्कर हे सगळे फुकटच्या रकान्यात.

मग हिशेब मांडा. समजा महिन्याची मजुरी 70,000 आली (तार वेगळी धरली). भाडे 4,000, वीज 2,500, पोराचा पगार 14,000, पेपर-स्लीव्ह-वॉर्निश 6,000, पेट्रोल 3,500. उरले 40,000. रोज 15 तास आणि 28 दिवस म्हणजे 420 तास. तासाला 95 रुपये पडले. 12 तासांत हेच 40,000 आणायचे तर तासाला 119 हवेत. आता छताचा पंखा घ्या. खोलणे, भरणे, जोडणे यात दोन तास जाऊन सामान वजा जाता 150 उरत असतील तर तासाचे 75 झाले. एप्रिल ते जून पंखा आणि मिक्सर भरायला घेऊच नका. पंखा नुसता हळू फिरत असेल तर बहुतेक वेळा 2.5 एमएफडीचा (मायक्रोफॅरडचा) कपॅसिटर गेलेला असतो. तेवढा पोरगाही बदलून देईल.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती परत आलेली मोटर. पॉलिरॅप तारेची (प्लास्टिकचे वेष्टण असलेल्या तारेची) मोटर भरून झाली की स्टेटर, म्हणजे तार भरलेला न फिरणारा भाग, एक रात्र पाण्यात बुडवून ठेवा आणि 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासा. घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते, आणि तारेवरचा बारीक ओरखडा मग बोअरमध्ये उतरल्यावर कळतो. मोटर देताना स्वच्छ पाण्याने काठोकाठ भरा, हवा पूर्ण निघू द्या. अर्धवट भरलेल्या मोटरीचे थ्रस्ट बेअरिंग (पंपाचा भार पेलणारे) आधी जाते.

पण जळायचे कारण अनेकदा शेतातल्या स्टार्टरच्या पेटीत असते. रात्रीच्या पाळीला लाइट आली की ऑटोवरच्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज बसते. जास्त अँपिअर झाले की मोटर बंद करणारा रिले ट्रिप होतो म्हणून कोणीतरी त्याचे सेटिंग वर सरकवतो, नाहीतर एक फेज गेला की मोटर बंद करणारा प्रिव्हेंटरच बाहेर काढून जोडणी करतो. म्हणून मोटर खोलल्याबरोबर मालकासमोर फोटो काढा. तीन फेजच्या कॉइल स्टार किंवा डेल्टा अशा दोन पद्धतींनी जोडतात. स्टार जोडणीत दोन फेजची कॉइल काळी आणि तिसरी स्वच्छ असेल, तर एक फेज गेला होता. डेल्टात उलटे, एकच फेज जळतो. तिन्ही सारखे काळे असतील तर जास्त लोड, कमी व्होल्टेज किंवा जाम पंप. एकाच जागी भोक पडून बाकी वाइंडिंग तांबूस असेल तर ती चूक बहुधा आपली, ती मोटर मुकाट्याने फुकट भरून द्यायची. पावतीवर अट छापून घ्या : मोटर चालू केल्यावर व्होल्टेज आणि तिन्ही फेजचे अँपिअर यांचा फोटो पाठवला तरच वॉरंटी, आणि रिलेचे सेटिंग मोटरीच्या पाटीवरच्या अँपिअरपेक्षा वर नको.

रात्रीच्या घाईवर उपाय म्हणजे भाड्याच्या मोटरी. मे महिन्यात केळीचे पाणी तुटले की शेतकऱ्याला दम निघत नाही, आणि ते बरोबरच आहे. भंगारातून 5 एचपीच्या दोन आणि 7.5 ची एक मोटर घेऊन, भरून तयार ठेवा. अनामत घ्या. पाच दिवसांनंतर भाडे वाढत जाईल असे लिहून द्या, नाहीतर ती मोटर पोळ्यापर्यंत शेतातच राहते. देताना साइज आणि कपलिंग (मोटर-पंपाचा सांधा) जुळते का पाहा. पंप 7.5 चा आणि मोटर 5 ची दिली तर तीही जळून येईल.

दिवसाची मांडणीही बदला. स्टेटरच्या खाचांतून (स्लॉटमधून) तार ओवताना फोन आला की वेढे चुकतात आणि पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी तसेही बसवत नाही, तेव्हा 7 ते 12 फक्त वाइंडिंग, फोन पोराकडे. 1 ते 4 बंद. 4 ते 8 घेणे, खोलणे, टेस्टिंग, डिलिव्हरी. सकाळी कोणी मोटर आणलीच तर पोराने चिठ्ठी बांधून ठेवावी : गाव, एचपी, सोबत केबल आहे की नाही. आठनंतर मोटर घ्यायची तर 300 रुपये जादा, असा फलक लावा. पैसे कोणी देवो न देवो, फलक वाचून निम्मे लोक सकाळी येतात.

रात्रीच्या कामाचा उधारीशीही संबंध आहे. कापूस विकेपर्यंत मजुरी थांबली तरी तारेचे पैसे रोख घ्या. तारेच्या व्यापाऱ्याचे देणे फेडण्यासाठीच रात्रीची कामे घ्यावी लागतात. जुन्या तांब्याचे वजन पावतीवर टाका, त्या वादातही वेळ जातो. नवे दर आखाजीपासून (अक्षय तृतीयेपासून) लावा. आठला बंद करायला मात्र जुलैपासून सुरुवात करा, म्हणजे हंगाम येईपर्यंत लोकांना वेळ माहीत होते.

प्रश्न : धुळ्यात फर्निचरची कामे घेतो. आठवड्यात दीड दिवस सुट्टी हवी, पण मालक म्हणतात काम लांबते.

उत्तर : रोजंदारीवर असाल तर सुट्टी म्हणजे सरळ रोज बुडणे. मजुरी चौरस फुटावर ठरवा, मग तास तुमचे. आठ बाय चारची प्लायची शीट साइटवर कापत बसू नका. कटिंगची यादी देऊन दुकानाच्या पॅनेल सॉवर कापून आणा. यादी करताना करवतीच्या पात्याची जाडी आणि एजबँड (कडेला चिकटवायची पट्टी) धरायला विसरले की दरवाजे बसत नाहीत. बिजागऱ्या, चॅनेल, स्क्रू यांची यादी पहिल्याच दिवशी पूर्ण करा. मालकाने लॅमिनेटचा रंग लेखी ठरवल्याशिवाय हत्यारे साइटवर नेऊ नका, सगळ्यात जास्त खाडे तिथेच होतात. पैसे तीन टप्प्यांत : 40 टक्के सुरुवातीला, 40 सांगाडा उभा राहिल्यावर, 20 शेवटी. हत्यारांसाठी पीएम विश्वकर्मा योजना पाहा. तिच्यातल्या 18 व्यवसायांत सुतारकाम आहे, आणि हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर मिळते. मोटर वाइंडर त्या यादीत नाहीत.

प्रश्न : शहाद्यात घरी ब्लाउज शिवते. दिवाळीत पहाटे दोनपर्यंत मशीन चालते.

उत्तर : ताई, कापड घेताना तारीख अंदाजाने सांगू नका. रोज किती अस्तराचे ब्लाउज निघतात ते मोजा. चार निघत असतील तर तीनच धरा, चौथ्याच्या वेळेत दुरुस्ती आणि हूक-काजे. दिवाळीआधी वीस दिवस असतील तर साठ ब्लाउज झाले की वही बंद. नेहमीच्या बायकांना नवरात्रातच निरोप द्या, आणि मापाचा ब्लाउज सोबत नसेल तर कापड ठेवून घेऊ नका.