खाट नाही म्हणून ‘डामा’ घ्यावा का?

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे. आयुष्यभर विड्या ओढल्या, आता सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट श्वासविकार. धाप फारच लागली म्हणून धनकवडीहून मोठ्या रुग्णालयात नेलं. ॲडमिट करून घेतलं, पण वॉर्ड भरलेला, त्यामुळे पॅसेजमध्ये ट्रॉलीवरच आहेत. ऑक्सिजन सुरू आहे. काही विचारलं की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. भाऊ म्हणतो, सही करून खासगीत हलवू. काय करावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : सहीची घाई नको. ‘डामा’वर, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज घेतल्याच्या कागदावर, सही केली की पेशंट तुमच्या जबाबदारीवर. गेटबाहेर ऑक्सिजन सुटतो आणि पुढच्या दारात डिपॉझिटची भाषा सुरू होते. समाजसेवा अधीक्षक म्हणून नोकरी केली मी. सिलिंडरशिवाय रिक्षातून फिरवलेले म्हातारे पाहिलेत.

केसपेपरवर युनिट, म्हणजे पेशंट ज्या डॉक्टरांच्या पथकाकडे आहे ते, लिहिलेलं असतं. पेशंट ट्रॉलीवर असो की खाटेवर, जबाबदारी त्या युनिटची. सकाळच्या राउंडला हजर राहा. ‘बाबा कसे आहेत?’ असं मोघम विचारू नका. रात्री सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) किती होतं, एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) केली का, नेब्युलायझर किती तासांनी, हे विचारा. रेसिडेंट डॉक्टर रात्रभर उभा असतो, चिडेल. चिडू दे, नेमकं विचारलं की उत्तर देतो.

आणि सॅच्युरेशनचा आकडा नव्वद दिसला म्हणून ऑक्सिजनचा नॉब स्वतः फिरवू नका. नातेवाईक हमखास हेच करतात. सीओपीडीत साधारण ८८ ते ९२ एवढंच ठेवतात. जास्त झाला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, माणूस गुंगीत जातो आणि घरच्यांना वाटतं, चला, एकदाची झोप लागली! आडवं पाडू नका, पाठीला आधार देऊन बसतं ठेवा.

हलवायचंच असेल तर भावाला आधी कागदांच्या मागे लावा. आयुष्मान वय वंदना या सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डाला सत्तरीपुढे उत्पन्नाची अट नाही, आधारवर निघतं, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात. ते चालतं का, हे जिथे हलवणार त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) समक्ष विचारा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत असतात. तिथे मात्र उत्पन्नाचा पुरावा लागतो. रिसेप्शनवर ‘खाटा संपल्या’ म्हणाले तरी रुग्णालयाच्या समाजसेवकाला भेटल्याशिवाय परतू नका.

खाट पक्की झाली की युनिटकडून रेफरल नोट घ्या आणि १०८ला फोन करताना ऑक्सिजन लागणार हे पहिल्या वाक्यातच सांगा.