दुर्बिणीतून आतड्याचं ऑपरेशन केलं तर शरीराला धक्का खरंच कमी बसतो का?

वडिलांच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलंय आणि दुर्बीण की पोट उघडून, यावर घरात खल चाललाय, असं तुम्ही लिहिलंय. दुर्बिणीने धक्का कमी बसतो, हो. पण लोक समजतात तितका कमी नाही. हे ‘तितका नाही’ मी आमच्या दादाला दोन वर्षं सांगतोय, त्याच्या डोक्यात शिरत नाही, म्हणून इथे लिहितो.

आम्हा दोघा भावांना हाच आजार झाला. दादाचं आधी झालं, पोट उघडून. बेंबीच्या वरपासून खाली सरळ चीर, बत्तीस पिना. माझं चार वर्षांनी, दुर्बिणीतून. चार भोकं, आणि कापलेला तुकडा बाहेर काढायला बोटभर चीर. दुसऱ्या दिवशी दादा भेटायला आला, चादर बाजूला करून पोट बघितलं आणि सिस्टरसमोर म्हणाला, ‘एवढंच? याला ऑपरेशन म्हणतात?’

सिस्टर तेव्हा माझ्या बोटाला सुई टोचत होती. साखर निघाली १९४. मला डायबेटिस नाही, कधीच नव्हता. तरी इन्सुलिन द्यावं लागलं. दादा म्हणाला, ‘घे, आता हेही लागलं मागे.’ वॉर्डातला डॉक्टर, पोरगाच होता, तो हसला. म्हणाला, ‘बाहेरून भोकं दिसतायत, आत आतडं तेवढंच कापलंय.’

हेच मुख्य आहे. आतडं ओढलं, सोडवलं, कापलं, की तिथल्या नसा मेंदूला कळवतात. कॉर्टिसॉल आणि ॲड्रिनलिन ही ताणाची संप्रेरकं वाढतात, इन्सुलिन असूनही साखर खाली येत नाही, शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खायला लागतं. कॅमेऱ्याने केलं म्हणून हे टळत नाही. बहुतेक अभ्यासांत दोन्ही पद्धतींत कॉर्टिसॉलचा फरक थोडाच निघतो. (शिवाय दुर्बिणीसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. माझं पोट राहिलं बाजूला, दोन दिवस खांदा दुखत होता. छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला गॅस टोचला की कळ खांद्यात येते.)

फरक पडतो तो सुजेत. पोटाच्या भिंतीची जखम जेवढी मोठी, तेवढं इंटरल्युकिन-६, म्हणजे सुजेचा निरोप नेणारं प्रथिन, रक्तात जास्त. त्याच्या सांगण्यावरून यकृत सीआरपी (सूज किती आहे हे रक्तात दाखवणारं प्रथिन) बनवतं, आणि ते साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत वर असतं. आमच्या दोघांच्या फायली माझ्याकडेच आहेत. तिसऱ्या दिवशी दादाचं सीआरपी १६८, माझं ९१. दादाचा आकडा बघून डॉक्टरांनी आतड्याचा जोड गळतोय की काय म्हणून दुसऱ्या दिवशी परत तपासलं. उतरलं होतं, सुटलो. तेव्हा इथे दुर्बीण जिंकली, मान्य.

पण मी दुसऱ्या दिवशी सलाईनचा स्टँड धरून बाथरूमपर्यंत गेलो आणि दादाला तिसऱ्या दिवशी उठवलं, याचं श्रेय एकट्या दुर्बिणीला देऊ नका. मधल्या चार वर्षांत त्या वॉर्डाची पद्धतच बदलली होती. दादाला आतडी हलेपर्यंत उपाशी ठेवलं, नाकात नळी ठेवली. मला नळी घातलीच नाही, त्याच संध्याकाळी पाजलं आणि पलंगाच्या कडेला बसवलं. हेन्रिक केलेट या डॅनिश सर्जनने हे १९९० च्या दशकातच दाखवून दिलं होतं. पुढे नेदरलँड्समध्ये दुर्बीण-उघडं आणि जुनी-नवी देखभाल अशा चारही जोड्या ताडून पाहिल्या. २०११ साली त्याचा निकाल छापून आला: दुर्बीण आणि नवी देखभाल मिळालेले सगळ्यात लवकर घरी गेले. म्हणून सर्जनला ‘दुर्बिणीने करता का’ एवढंच विचारून थांबू नका. ‘उठवणार कधी, खायला कधी देणार, दुखण्यावर काय देणार’ हे विचारा. उत्तराला टाळाटाळ झाली तर मी तरी दुसरा सर्जन बघेन.

कॅन्सर परत येण्याच्या बाबतीत फारसा फरक नाही. अमेरिकेतल्या ८७२ रुग्णांच्या अभ्यासात (२००४) तीन वर्षांत तो दुर्बिणीच्या गटात १६ टक्के आणि उघड्याच्या गटात १८ टक्के लोकांना परत आला, म्हणजे बरोबरीच.

घरी आल्यावर माझी पँट कमरेवर राहीना. मांड्या वाळल्या होत्या. दीड महिना जिना चढलो की बसावं लागायचं. दादा फोनवर विचारायचा, ‘चार भोकांना दीड महिना?’ भोकांना नाही रे, आतल्या कापाकापीला. त्याला त्याच्या बत्तीस पिनांचा मान हवाय, तो मी देतो. पण म्हणून माझं दुखणं खोटं होत नाही.

हां, मी डॉक्टर नाही. आतडं बंद पडलं असेल किंवा फुटलं असेल, गाठ आजूबाजूला चिकटली असेल, आधीच्या ऑपरेशनमुळे आत सगळं चिकटलेलं असेल, तर पोट उघडणंच बरं असतं. दुर्बिणीने सुरू करून मध्येच उघडावं लागलं तर सर्जन चुकला असं समजू नका. वडिलांचं वय आणि हृदय-फुफ्फुसांचं तुम्ही काही लिहिलेलं नाही, त्यावरही बरंच अवलंबून आहे.

आणि दुर्बिणीने झालंच, तर भेटायला येणाऱ्यांना चादर उचलू देऊ नका.