डेस्कटॉपमधील धूळ घरच्या घरी कशी काढावी? व्हॅक्यूम क्लीनर चालेल का?

तुम्ही लिहिले आहे की घर अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीजवळ आहे, खालच्या मजल्यावर यंत्रमाग चालतात, डेस्कटॉप मे महिन्यात अर्ध्या तासात आपोआप बंद पडतो आणि म्हणून तो व्हॅक्यूम क्लीनरने आतून साफ करावा असा विचार आहे. कृपया तसे करू नका. हवा वेगाने ओढली जाताना क्लीनरच्या प्लॅस्टिकच्या नळीवर स्थितिक विद्युतभार साठतो, आणि सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तो लवकर विरत नाही. नळीचे तोंड मदरबोर्डजवळ, म्हणजे सर्व चिप ज्यावर बसवलेल्या असतात त्या मुख्य पट्टीजवळ, गेले की हा भार एखाद्या चिपमध्ये उतरू शकतो. आपल्या बोटाला जाणवणारही नाही एवढा झटका चिपला निकामी करण्यास पुरेसा असतो.

मी गेली 12 वर्षे एका टॉवेलच्या कारखान्यातील हिशेबाचे आणि डिझाइनचे संगणक सांभाळतो. त्या अनुभवावरून सांगतो की आपल्याकडे संगणकात साचते ती निव्वळ माती नसते, तिच्यात कापसाची तूस असते. माती फुंकरीने उडते, पण तूस प्रोसेसरवरील पंखा आणि त्याखालच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पात्या यांच्यामध्ये अडकून नमद्यासारखी घट्ट बसते. वरून पंखा स्वच्छ दिसतो, फिरतोही, पण हवा पात्यांपर्यंत पोहोचतच नाही. बहुतेक प्रोसेसर 100 अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की आधी स्वतःचा वेग कमी करतात आणि तरीही तापमान उतरले नाही तर संगणक बंद करतात. तुमच्याकडे हेच घडत असावे.

सुरुवात विजेपासून करा. संगणक रीतसर बंद करून भिंतीवरचे बटण बंद करा आणि पिनही काढून घ्या, कारण जुन्या घरांत वायरिंग उलटे असेल तर बटण बंद असतानाही आत वीज राहते. मॉनिटर, कीबोर्ड, नेटची वायर असे सर्व काढा आणि संगणकाचे चालू करण्याचे बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे मदरबोर्डवर उरलेली वीज निघून जाते. मात्र एसएमपीएसची, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारी पेटी कोणत्याही परिस्थितीत उघडू नका. आपल्या 230 व्होल्टच्या विजेपासून तिच्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे 325 व्होल्ट साठतात आणि पिन काढल्यावरही ते काही काळ टिकू शकतात. तिची धूळ जाळीतून बाहेरूनच काढावी.

कॅबिनेट गच्चीवर किंवा अंगणात सावलीत न्या, नाकातोंडाला रुमाल बांधा आणि आत हात घालण्यापूर्वी, तसेच काम करतानाही मधूनमधून, कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या पत्र्याला हात लावत राहा. झोतासाठी हाताने धरण्याचा छोटा इलेक्ट्रिक ब्लोअर पुरतो, पण तो किमान अर्धा फूट लांब धरावा आणि प्रत्येक पंखा बोटाने थांबवून मगच हवा मारावी. कारखान्यातील कॉम्प्रेसर मात्र वापरू नये. पहिल्या वर्षी मी तो वापरला होता. टाकीत साठलेल्या पाण्याचे थेंब बोर्डवर उडाले, ते वेळीच दिसले म्हणून पूर्ण वाळेपर्यंत संगणक चालू केला नाही, पण झोताने भरधाव फिरलेल्या पंख्याचे बेअरिंग आठवड्याभरात खडखडू लागले आणि तो पंखा बदलावा लागला. हवेच्या डब्याचा स्प्रे मिळाला तर तो उभाच धरावा, आडवा केल्यास आतील अतिथंड द्रव बाहेर पडतो.

आता मुख्य काम. प्रोसेसरवरचा पंखा स्क्रू किंवा खटके सोडवून वेगळा करा, त्याची वायर मदरबोर्डवर कोठे लावली होती याचा आधी मोबाइलवर फोटो काढा, पण खालचा पात्यांचा ठोकळा हलवू नका. तो निघाला तर प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामधली, उष्णता वाहून नेणारी जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावावीच लागते. पंखा उचलल्यावर पात्यांवर तुशीचा थर दिसेल. आमच्या डिझाइनच्या संगणकात तो जवळपास बोटाच्या पेराएवढा जाड निघाला होता, राखाडी रंगाचा, आणि त्यात त्या हंगामात विणलेल्या मरून टॉवेलचे धागे स्पष्ट ओळखू येत होते. हा थर फुंकू नका, फुंकल्याने तो पात्यांत आणखी खोल जातो. एका कडेला प्लॅस्टिकच्या चिमट्याने धरून हलकेच उचला, बहुतेकदा संपूर्ण चकतीच हातात येते. उरलेली तूस कोरड्या, मऊ, एक इंची रंगाच्या ब्रशने पात्यांच्या दिशेने ओढून काढा आणि मगच ब्लोअर मारा. ओले फडके आत कोठेही लावू नये. फक्त सुट्या केलेल्या पंख्याची पाती किंचित ओलसर कापडाने पुसता येतात, तीही पूर्ण वाळवून मगच बसवावीत.

जोडणी झाल्यावर बाजूचा पत्रा लावण्याआधी संगणक एकदा चालू करून, आत हात न घालता, सर्व पंखे फिरतात का ते पाहा. त्यानंतर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, प्रोसेसरचे तापमान तपासा. मी हे काम वर्षातून दोनदा करतो, एकदा फेब्रुवारीअखेर, ऊन वाढण्यापूर्वी, आणि एकदा दिवाळीच्या साफसफाईत. तूस जमिनीलगत जास्त वाहते, म्हणून कॅबिनेट खाली न ठेवता टेबलावर ठेवा, आणि धूळ बसू नये म्हणून चालू संगणकावर टॉवेल किंवा चादर झाकण्याची आपल्याकडची सवय असेल तर ती आजच बंद करा.