वाचक विचारतात: तळातल्या दोन संघांच्या सामन्यावर पैज

उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या व्यावसायिक आइस हॉकी लीगबद्दल या वेळी पाच पत्रं निवडली आहेत. बहुतेकांचा रोख एकच आहे: दोन्ही संघ रडतखडत चालले असतील तर पैज सोपी होते का?

प्रश्न : यजमान संघाला १.७७ आणि पाहुण्यांना २.१० असा भाव आहे. दोघेही तळाला. मग हा छापा-काटाच नाही का? २.१० घेतला तर फायदाच ना? (मिसिसागा)

उत्तर : १.७७ चा भाव म्हणजे एक डॉलर लावून जिंकलात तर मूळ डॉलर धरून १.७७ हातात. आधी भावाचे टक्के करा. १०० भागिले १.७७ म्हणजे ५६.५, आणि १०० भागिले २.१० म्हणजे ४७.६. बेरीज १०४.१ येते. शंभराच्या वरचे चार टक्के हा बुकीचा कट. तो काढून टाकला तर यजमान ५४.३ आणि पाहुणे ४५.७ उरतात. म्हणजे बाजारानेही सामना जवळजवळ छापा-काटाच धरलाय, तुम्ही वेगळं काही सांगत नाही आहात. २.१० फायद्यात पडायला पाहुण्यांनी शंभरात ४८ वेळा जिंकायला हवं. ‘दोघेही वाईट’ एवढ्या माहितीवर ४५.७ चे ४८ होत नाहीत.

हंगामात २०० पैजा, प्रत्येकी २० डॉलर, म्हणजे ४,००० डॉलरची उलाढाल. वेगळी माहिती नसेल तर यातले साधारण १६० डॉलर कटातच जातात. म्हणून दोन-तीन परवानाधारक ॲपवरचे भाव ताडून पाहा. २.१० ऐवजी २.१८ मिळाला तर लागणारे टक्के ४७.६ वरून ४५.९ वर येतात. संघाच्या अभ्यासात घालवलेल्या तासापेक्षा ही दोन मिनिटं जास्त कामाची.

प्रश्न : राखीव गोलरक्षक खेळणार असेल तर समोरच्या संघावर डोळे मिटून लावावं, असं मित्र सांगतात. खरं का? आणि कोण खेळणार ते कधी कळतं? (ब्रॅम्प्टन)

उत्तर : हॉकीत एका खेळाडूमुळे भाव सर्वाधिक हलत असेल तर तो गोलरक्षकामुळेच. हिशेब असा. सामन्यात ३० फटके आले आणि गोलरक्षकाने ९१ टक्के अडवले तर २.७ गोल होतात; ८९ टक्के अडवले तर ३.३. दोन टक्क्यांनी सहा दशांश गोलाचा फरक पडला, आणि बरेचसे सामने एका गोलानेच ठरतात.

पण इथे दोन खड्डे आहेत. पहिला नमुन्याचा. राखीव गोलरक्षक आठ सामने खेळला असेल तर त्याने सव्वादोनशेच्या आसपास फटके झेलले असतील. त्यातले पाच गोल इकडचे तिकडे झाले की टक्केवारी दोनाहून जास्त हलते. अशा आकड्यावर ‘हा फॉर्मात आहे’ म्हणणं म्हणजे चार चेंडूंवरून फलंदाज पारखणं. दुसरा खड्डा खास तळातल्या संघांचा. तिथे पहिल्या पसंतीचा आणि राखीव गोलरक्षक यांच्यात बऱ्याचदा फारसं अंतरच नसतं. बचावफळी इतक्या जवळून फटके मारू देते की चांगल्या गोलरक्षकाचेही आकडे बिघडतात. त्यामुळे ‘राखीव खेळतोय’ ही बातमी बलाढ्य संघाच्या बाबतीत मोठी आणि अशा संघाच्या बाबतीत लहान.

वेळेचं म्हणाल तर सामन्याच्या दिवशी सकाळी सराव असतो. त्यात बर्फावरून जो गोलरक्षक आधी उतरतो तोच बहुधा संध्याकाळी सुरुवात करतो. लागोपाठ दोन दिवस सामने असले की दुसऱ्या दिवशी सकाळचा सराव सहसा रद्द होतो, आणि नेमका त्याच दिवशी राखीव गोलरक्षक उभा राहण्याचा संभव जास्त. तेव्हा पक्कं कळतं ते सामन्याआधी साधारण अर्धा तास, वॉर्म-अपला संघ बाहेर येतात तेव्हा. बातमी फुटली की भाव काही मिनिटांत सरकतो. तुम्ही फोन उघडेपर्यंत मित्राचा सल्ला भावात मुरलेला असतो. आणखी एक: बेसबॉलमध्ये ठरलेला पिचर (चेंडू फेकणारा) बदलला तर पैज रद्द होण्याची सोय असते. हॉकीत ऐनवेळी गोलरक्षक बदलला तरी पैज कायम राहते.

प्रश्न : तळातले संघ म्हणजे गोलांचा पाऊस. मग ‘साडेसहापेक्षा जास्त गोल’ ही पैज बरी का? आणि घरच्या संघावर उणे दीड गोल घेतला तर ३.०० मिळतोय, तो का सोडावा? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : सॅन होजे शार्क्सचा २०२३-२४ चा हंगाम आठवा. पहिल्या ११ सामन्यांत एकही विजय नाही. २ नोव्हेंबरला व्हँकुव्हरकडून १-१० आणि ४ नोव्हेंबरला पिट्सबर्गकडून २-१० अशी हार. दोन सामन्यांत २० गोल खाल्लेल्या संघावर पुढच्या वेळी ‘जास्त गोल’ लावायला हात शिवशिवणारच. ७ नोव्हेंबरला त्यांनी फिलाडेल्फियाला २-१ हरवलं. एकूण गोल तीन. मार खाल्लेला संघ बचाव आवळतो, आणि तो हल्ल्यातही कमकुवत असतो हे लोक विसरतात. शूटआउट (ओव्हरटाइमनंतरही बरोबरी राहिली तर एकेकाने गोलरक्षकावर मारायचे फटके) झालं तर विजेत्याच्या खात्यात एक गोल धरतात. ३-३ नंतर शूटआउट म्हणजे निकाल ४-३, एकूण सात, आणि साडेसहाची पैज जिंकली. इतक्या बारीक धाग्यावर ती लटकलेली असते.

उणे दीड म्हणजे दोन किंवा जास्त गोलांनी विजय हवा. सामना ओव्हरटाइमला गेला की ही पैज मेलीच, कारण तिथला विजय एकाच गोलाचा असतो. दर चार-पाच सामन्यांतला एक ओव्हरटाइमला जातो. राहिलेल्या सामन्यांत सगळा खेळ शेवटच्या दोन-तीन मिनिटांचा. एका गोलाने मागे असलेला संघ गोलरक्षक काढून सहावा खेळाडू आत घालतो. मग रिकाम्या जाळ्यात पक (खेळातली रबरी चकती) गेला तर उणे दीड वाचतो, उलट बरोबरी झाली तर बुडतो. ३.०० ला लागतात ३३.३ टक्के. भाव स्वस्त नाही, नेमका आहे.

‘६० मिनिटांचा निकाल’ असा तीन पर्यायांचा वेगळा बाजार असतो. त्यात ओव्हरटाइम धरत नाहीत, बरोबरी झाली की दोन्ही संघांवरच्या पैजा हरतात. ॲपवर तो साध्या जय-पराजयाच्या शेजारीच दिसतो आणि घाईत चुकीच्या ओळीवर बोट पडतं. पावती वाचूनच ‘पक्कं करा’ दाबा.

प्रश्न : मार्चमध्ये हे संघ ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिला नंबर मिळावा म्हणून मुद्दाम हरतात म्हणे. मग त्यांच्या विरुद्ध लावत राहिलं तर? (शिकागो)

उत्तर : हरायची गरज खेळाडूंना नसते. एएचएल या खालच्या लीगमधून वर आलेला पोरगा पुढच्या कराराकरता जीव तोडून खेळतो. पातळ होतो तो संघ, आणि ते काम व्यवस्थापन करतं. शार्क्सनी डिसेंबर २०२४ मध्ये गोलरक्षक मॅकेन्झी ब्लॅकवुड कोलोरॅडोला दिला, फेब्रुवारी २०२५ मध्ये मिकाएल ग्रॅनलंड आणि कोडी सीसी डॅलसला. मार्चच्या सुरुवातीच्या अदलाबदलीच्या मुदतीआधी कोण गेलं याची यादी करा. जुन्या आकड्यांतून ते खेळाडू वजा केल्याशिवाय तुलना करू नका. समोरचाही तळातलाच असेल तर त्यानेही विक्री केलेली असते, म्हणजे फरक पुन्हा निम्मा.

शिवाय हरण्याचं बक्षीस वाटतं तेवढं पक्कं नाही, कारण पहिली निवड सोडतीने ठरते. शेवटच्या संघाला पहिली निवड मिळण्याची शक्यता २५.५ टक्केच. २०२५ मध्ये ५२ गुणांसह शेवटी राहिले शार्क्स, पण सोडत ३.५ टक्के संधी असलेल्या न्यूयॉर्क आयलंडर्सना लागली.

प्रश्न : मुलगा टोरंटोत शिकतो. तिथे हे कायदेशीर आहे म्हणे. मी इथून पैसे पाठवून त्याच्या खात्यातून पैज लावू शकतो का? (पुणे)

उत्तर : नाही. कॅनडात एकाच सामन्यावरची पैज ऑगस्ट २०२१ पासून कायदेशीर आहे, आणि ऑन्टॅरियोत खासगी कंपन्यांचा बाजार ४ एप्रिल २०२२ ला उघडला. वयाची अट १९ वर्षं, आणि खातेदार स्वतः प्रांताच्या हद्दीत असायला हवा. फोनचं ठिकाण तपासलं जातं. दुसऱ्यासाठी पैज लावणं किंवा व्हीपीएन वापरणं उघडकीला आलं की खातं गोठतं आणि जिंकलेली रक्कम अडकते. अडचणीत येईल तो मुलगा.

भारतात २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ चालवणं, त्यांची जाहिरात करणं आणि बँकांनी त्यांचे व्यवहार करणं यांवर बंदी आहे. शिक्षणाचा खर्च म्हणून बँकेत जाहीर केलेली रक्कम पैजेला वापरली तर ते जाहीरपत्र खोटं ठरतं.

मुलगा स्वतःच्या पैशाने खेळत असेल तर त्याला खातं उघडल्याच दिवशी ॲपमध्ये आठवड्याची भरणा-मर्यादा लावायला सांगा. मर्यादा कमी केली तर ती लगेच लागू होते, वाढवायला मात्र थांबावं लागतं. हाताबाहेर जातंय असं वाटलं तर ऑन्टॅरियोत कनेक्सऑन्टॅरियोची मोफत मदतवाहिनी आहे, १-८६६-५३१-२६००.