चर्चला धमक्या येत असतील तर मिस्सेला जावे का, आणि धर्मगुरूंनी अशा भांडणात पडावे का?

आपण विचारले आहे की, जमिनीच्या वादावरून आपल्या गावच्या चर्चला धमक्या येत असताना मुलाबाळांसह मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) जावे की घरीच प्रार्थना करावी, आणि धर्मगुरूंनी मुळात या वादात पडावे का. दुसऱ्या प्रश्नावर आमच्या घरात तीस वर्षे अबोला धरला गेला आहे, म्हणून आधी त्याविषयीच लिहितो.

मी वसईचा. 1989 च्या सुमारास इथल्या बागायतींवर बिल्डरांची नजर पडली होती आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती काम करू लागली होती. फादर तेव्हा ‘सुवार्ता’ या ख्रिस्ती मासिकाचे संपादक होते. त्याच वर्षी नालासोपारा स्थानकाच्या फलाटावर एका बांधकाम व्यावसायिकाला गोळ्या घालून ठार मारण्यात आले. त्यानंतर आमच्याकडे जमिनीचा विषय निघाला की आई आधी खिडकी लावून घेत असे.

पुढच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी दोघेजण मोटारसायकलवरून जमीन विकण्याचे कागद घेऊन आले. आमची तेर्स, म्हणजे ‘रहस्य’ नावाच्या भागांत म्हणायची जपमाळेची घरची प्रार्थना, चालू होती. वडिलांनी दार उघडले, ‘बसा, दोन रहस्ये राहिली आहेत,’ असे सांगितले आणि ते परत येऊन गुडघ्यांवर बसले. पाहुणे पडवीतच उभे राहिले. एकजण किल्ली बोटाभोवती फिरवत होता. दुसरा आमच्याच धर्मग्रामातला. त्याचे आणि माझे प्रथम कम्युनियन (पहिला ख्रिस्तप्रसाद) एकाच दिवशी झाले होते. आई ‘नमो मरिये’ म्हणे, आम्ही उरलेला अर्धा भाग म्हणत असू आणि त्या वेळी, बहुधा त्याच्याही नकळत, त्याचे ओठ आमच्याबरोबर हलत होते. तेर्स संपल्यावर त्याने वडिलांकडे न पाहता कागद बाकावर ठेवले आणि ‘येतो, काका’ म्हणून तो निघाला. वडिलांनी सही केली नाही. आठवड्याभरात आमच्या चाळीसएक केळी कोणीतरी कोयत्याने अर्ध्यातून तोडल्या. घड नुकतेच भरू लागले होते. रविवारी वडील नेहमीच्या बाकावर, नेहमीच्या पांढऱ्या सदऱ्यात बसले होते आणि घरी येऊन त्यांनी बावखलाकाठी (बागेतल्या तळ्याकाठी) केळीचे नवे मुनवे, म्हणजे कोंब, लावायला घेतले. धैर्य वगैरे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत.

धाकट्या काकांनी मात्र सही केली. तेव्हापासून ते सांगत आले आहेत की धर्मगुरूने आल्तार (चर्चमधली वेदी) सोडून मोर्चात जाऊ नये. हे मला साफ अमान्य आहे. नागासाकीला 1597 मध्ये क्रुसावर मारल्या गेलेल्या, वसईत जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सियाचा सण थाटात साजरा करायचा आणि आपल्या फादरांनी मात्र गप्प राहून सुखरूप असावे असे म्हणायचे, ही सोयीची भक्ती आहे. ज्यांच्या विहिरी आटतात आणि ज्यांना दमदाटी होते, तीच माणसे रविवारी समोर बसलेली असतात. त्यांच्याविषयी न बोलता प्रवचन कशावर द्यायचे? फादर दिब्रिटोंना पुढे, 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाल्यावर, वेगळ्याच कारणाने विरोध आणि धमक्या सोसाव्या लागल्या, तरी ते संमेलनाला गेलेच. काकांनी ती बातमी वाचूनही मत बदलले नाही.

काही गोष्टी इथे नोंदवायला हव्यात. ते आंदोलन केवळ ख्रिस्ती लोकांचे नव्हते, आणि जमिनी विकणाऱ्यांतही आमचे लोक थोडे नव्हते. मी स्वतः 2008 मध्ये मुलीच्या शिक्षणासाठी पाच गुंठे विकले, त्यामुळे काकांना बोलण्याचा माझा अधिकार तुम्हाला कमी वाटला तर मी वाद घालणार नाही. शिवाय आमच्याकडे मिस्सेच्या वेळी कधी हल्ला झाला नाही. तुमच्याकडचा धोका तसा असेल तर मुलांना नेण्याचा निर्णय तुमचा तुम्हीच घ्या, आणि धमकी आली की पोलिसांकडे लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्या. आम्ही त्या केळींची तक्रार तोंडीच केली होती, आणि तिची कुठे नोंदही झाली नाही.

घरच्या तेर्सला मात्र शेजाऱ्यांना बोलवा, आणि ज्यांनी सही केली आहे त्यांनाही. आईने काकांना बोलावणे कधी बंद केले नव्हते. मीच ते बंद केले.